राजधानी आली तेव्हा बेट वर गेलं होतं

एका बेटावर एक भोळा माणूस होता. खरं म्हणजे अशा गोष्टीत गाव लागतं. पण या बेटावर गाव सोडून दुसरं काही मावतच नव्हतं, म्हणून बेट म्हणा की गाव म्हणा, एकच. त्याचं नाव मोतुलेवा. एका अंगाला खवळलेला समुद्र, शंभर पावलं चालून गेलं की दुसऱ्या अंगाला शांत निळं तळं, आणि मध्ये बत्तीस घरं. डोंगर नाही, टेकडी नाही. सगळ्यांत उंच जागा म्हणजे चर्चची तिसरी पायरी. त्याहून उंच जायचं तर नारळाच्या झाडावर चढायचं.

भोळ्याचं नाव लोटो. वय तिशीचं, हात मजबूत, मन स्वच्छ. त्याला लहानाचं मोठं केलं त्याच्या तालिता आत्यानं. त्या बेटांवर आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, आणि लोटो तर तो शब्द उचलून जसाच्या तसा जपून ठेवायचा. लोकांना वाटायचं, लोटो विसरभोळा आहे. तसं नव्हतं. तो कधीच काही विसरायचा नाही, हीच तर सगळ्यांची अडचण होती.

आता सरकारबद्दल थोडं सांगायला हवं. मोतुलेवासारखी तीन बेटं मिळून तो एक मुलूख होता, आणि तो होता दूरच्या एका मोठ्या देशाच्या ताब्यात. तिन्ही बेटांत भांडण नको म्हणून राजधानी फिरती ठेवलेली. एक वर्ष या बेटावर, पुढचं वर्ष त्या बेटावर. राजधानी म्हणजे एक पत्र्याची पेटी. तिच्यात झेंडा, शिक्का आणि एक जाड पुस्तक. पेटी ज्या बेटावर उतरायची, तिथला प्रमुख वर्षभर तिन्ही बेटांचा कारभारी.

तीन वर्षांपूर्वी मोतुलेवाची पाळी होती आणि कारभारी होणार होती इथली प्रमुख, तालिता आत्या. पण त्या दिवशी लाटाच अशा उसळल्या की पेटी उतरवताच आली नाही. ती शेजारच्या आनुफे बेटावर परत गेली. यंदा पुन्हा पाळी आली होती. आत्याचे गुडघे आता दुखायचे, आणि पुढची पाळी आपल्याला दिसेल का, याची तिला खात्री नव्हती. त्यात आनुफेचा प्रमुख पासिलिओ सगळ्यांदेखत हसत म्हणाला होता, "तालिताबाई, राजधानी तुमच्याकडे पाठवू, पण तुमच्याकडे लोटो आहे ना!"

आत्याला हे फार लागलं. कारण ते खरं होतं.

त्याच वर्षी काय काय झालं ते ऐका.

एकदा लोटोनं मोठा मासा पकडला आणि सरळ घरी आणला. आत्या म्हणाली, "अरे, एकट्यानं खायचं नसतं. समुद्रातून जे येईल ते सभाघरापुढे ठेवायचं आणि बत्तीस घरांना सारखं वाटायचं."

"लक्षात ठेवलं, आत्या."

पुढच्या महिन्यात जहाज आलं. त्यातून पंचायतीच्या होडीसाठी नवंकोरं इंजिन आलं. लोटोनं ते सभाघरापुढे ठेवलं, दुपारभर घाम गाळून सुटं केलं आणि त्याचे बत्तीस वाटे घातले. पाद्रीबाबांना पंखा मिळाला. विधवा लुसियाला तीन बोल्ट मिळाले. शेजारणीचे बोल्ट मोठे आहेत म्हणून ती कुरकुरली, तर लोटोनं स्वतःचा वाटा तिला देऊन टाकला. मनाचा मोठाच होता.

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, त्या खोक्यावर सरकारी शिक्का नव्हता का? सरकारी शिक्का असला की हात लावायचा नाही. उघडायचं नाही, बदलायचं नाही. आहे तसं कुलपात ठेवायचं!"

"लक्षात ठेवलं, आत्या."

नंतर आले डॉक्टर. मुलांना लस टोचायला आले होते. त्यांच्या कोटाच्या खिशावर सरकारी शिक्का भरतकामात काढलेला. लोटोनं तो नीट पाहिला. "या साहेब," म्हणत पुढे चालत गेला, डॉक्टर मागून गेले, आणि सुकं खोबरं ठेवायच्या खोलीत शिरले. लोटोनं बाहेरून कुलूप घातलं.

संध्याकाळी त्यांना बाहेर काढलं तेव्हा त्यांना खोबऱ्याचा असा वास येत होता की बेटावरची मांजरं त्यांच्या मागे लागली.

"मी हात नाही लावला, आत्या," लोटो म्हणाला. "उघडलंही नाही."

"अरे माणसाला कोणी कोंडतं का!" आत्या ओरडली. "पाहुणा आला की चटई अंथरायची. गळ्यात हार घालायचा. शहाळं द्यायचं. म्हणायचं, या, बसा. आणि जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही!"

"लक्षात ठेवलं, आत्या."

मग वादळाचा दिवस आला. किनाऱ्यावरून माणसं ओरडत पळत सुटली, "आली! आली! मोठी आली!" लोटोनं विचार केला, एवढी मोठी कोण बाई येते आहे? बेटाचं नाव जायला नको. तो सात घरांच्या चटया घेऊन वाळूवर गेला, त्या अंथरल्या, शहाळी मांडली, भाजलेला मासा ठेवला आणि हार हातात धरून उभा राहिला. समोरून लाट आली. माडाच्या निम्म्याएवढी.

"या, बसा," लोटो म्हणाला.

लाट बसली नाही. पण चटया, शहाळी, मासा आणि लुसियाच्या दोन कोंबड्या घेऊन गेली. लोटो तळ्यात सापडला, नाकातोंडात पाणी, हार मात्र हातात घट्ट. सगळे हसत होते. आत्या हसली नाही. तिनं त्याला पोटाशी धरलं आणि रडली. मग एक धपाटा घातला आणि चर्चमधला मोठा शंख त्याच्या गळ्यात बांधला.

"नीट ऐक. समुद्रावरून मोठं काही येताना दिसलं की जिवाच्या आकांतानं शंख फुंकायचा. सगळे झाडावर चढतील. गेलं, की पुन्हा फुंकायचा. तोवर कोणी खाली उतरायचं नाही."

"लक्षात ठेवलं, आत्या."

अखेर राजधानीचा दिवस जवळ आला. जहाज उद्या येणार होतं. घराघरांतून सारवण, झाडलोट चालली होती. सभाघराला हार लागले. झेंड्याची काठी आत्यानं स्वतः तेल लावून पुसली. एकच काळजी होती, आणि ती दारात उभी राहून विचारत होती, "आत्या, मी काय करू?"

"तू काही करू नकोस, बाळा," आत्या म्हणाली. "आज आणि उद्या बेटाच्या टोकाला जाऊन बस."

लोटो टोकाला जाऊन बसला. आणि जहाज एक दिवस आधीच आलं. सरकारी काम वेळेआधी होण्याचा त्या समुद्रातला हा पहिलाच प्रसंग. त्यातून यंदाचं जहाज नवं होतं. पांढरंशुभ्र, आणि मोठं. फारच मोठं.

लोटोनं शंख फुंकला.

बेटावर एकच पळापळ झाली. पाद्रीबाबा चढले, पंचायत चढली, बायका मुलांना पाठीशी बांधून चढल्या. तालिता आत्या तर दुखऱ्या गुडघ्यांनिशी सगळ्यांत आधी चढली, कारण प्रमुखानं वाट दाखवायची असते. त्या बेटांवर एक रीत आहे. लाट येताना तिच्याकडे बघायचं नाही, बघितलं की हात सुटतात. डोळे मिटायचे, कपाळ खोडाला टेकायचं आणि देवाचं गाणं म्हणत राहायचं. सगळे तसंच करू लागले.

होडीतून हॅटवाला साहेब उतरला. मागे दोन खलाशी पेटी घेऊन. साहेबानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चुलीतून धूर निघत होता. माणूस दिसेना. शेवटी लोटो दिसला.

"बाकीचे लोक कुठे आहेत?" साहेबानं विचारलं.

"वर गेले," लोटो म्हणाला.

साहेबाचा चेहरा उतरला. त्यानं हॅट काढून छातीशी धरली. "सगळे?"

"सगळे. बत्तीस घरं."

"कधी?"

"आत्ताच. तुम्ही थोडे आधी आला असतात तर भेटले असते."

"लहान मुलंसुद्धा?"

"त्यांना आया घेऊन गेल्या. एकटी कशी जातील?"

साहेबानं डोळे पुसले. "आणि प्रमुख? तालिताबाई?"

"आत्या तर सगळ्यांच्या आधी गेली. गुडघे दुखत होते, तरी गेली."

"मग तू एकटा कसा राहिलास?"

"कुणीतरी खाली राहावंच लागतं, साहेब. सगळेच वर गेले तर कसं चालेल?"

साहेबाला हे फार मोठं वाटलं. त्यानं मान खाली घातली. अशा वेळी माणूस वर बघत नाही. तेवढ्यात त्याच्या कानावर गाणं आलं. वरून. अनेक गळ्यांचं, थरथरतं, देवाचं गाणं. साहेबाच्या अंगावर काटा आला. आणि मग त्याच वरून एक म्हातारा आवाज आला, "लोटो, गेलं का रे?"

"नाही आत्या," लोटो म्हणाला, "अजून इथंच उभं आहे."

साहेब पांढराफटक पडला. "तू... तू कोणाशी बोलतोस?"

"आत्याशी. ती बोलल्याशिवाय राहत नाही."

साहेबानं घाईघाईनं पेटी उघडली, पुस्तकात चार ओळी खरडल्या, धाडकन शिक्का मारला आणि लोटोला सही करायला सांगितलं. लोटोला सही येत नव्हती. त्यानं सहीच्या जागी माशाचं चित्र काढलं. साहेब होडीकडे पळणार, इतक्यात लोटोनं त्याचा हात धरला.

"जेवल्याशिवाय जायचं नाही, साहेब."

साहेबाच्या गळ्यात हार पडला. शेवटी त्यानं एक शहाळं प्यायलं, दोन घास खाल्ले आणि गेला. जहाजावरचा झेंडा अर्ध्यावर उतरला. जहाज दिसेनासं झालं, तेव्हा लोटोनं शंख फुंकला.

सगळे खाली आले. आत्या म्हणाली, "किती मोठी होती रे?"

"खूप मोठं होतं," लोटो म्हणाला. "साहेब आला होता. मी त्याला कोंडलं नाही, वाटलं नाही. चटईवर बसवलं, जेवू घातलं. राजधानी ठेवून गेला."

क्षणभर कुणाला कळेना. मग सगळ्यांना पेटी दिसली. आत्या तिथेच वाळूवर बसली आणि पेटीवर हात फिरवू लागली. तीन वर्षं तिनं वाट बघितली होती. "माझं पोर ते," ती म्हणाली. "सगळे नावं ठेवत होते. बघा, बघा त्यानं काय केलं!"

काय केलं, ते पाद्रीबाबांनी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं.

"मोतुलेवा. जमीन, अरुंद आणि सखल. झाडं, नारळ. लोक, एक. बाकीचे आज सकाळी वर गेले, देव त्यांना शांती देवो. सरकार, श्रीयुत लोटो."

मग आत्या उठली. "खोड ते! आत्ताच्या आत्ता खोड! मी जिवंत आहे म्हणून लिही!"

लोटोनं पुस्तक छातीशी धरलं. "आत्या, शिक्का आहे."

"असू दे!"

"सरकारी शिक्का असला की हात लावायचा नाही. उघडायचं नाही, बदलायचं नाही. आहे तसं कुलपात ठेवायचं." आणि त्यानं पुस्तक पेटीत ठेवून कुलूप घातलं.

पंचायत बसली. साहेबाला पत्र लिहावं, असं एकजण म्हणाला. पाद्रीबाबांनी मान हलवली. "चूक झाली म्हणून कळवलं, तर पेटी उद्याच आनुफेला जाईल. आणि पासिलिओ काय म्हणेल?"

पासिलिओ काय म्हणेल ते सगळ्यांना ठाऊक होतं. आत्यानं पेटीतून आधीच काढून लावलेल्या झेंड्याकडे पाहिलं. तो काठीवर छान फडफडत होता. तिनं गुडघे चोळले आणि एक मोठा सुस्कारा सोडला. पत्र काही लिहिलं गेलं नाही.

त्या वर्षी कारभार उत्तम चालला असं म्हणतात. सगळं आत्याच ठरवायची, लोटो फक्त मासा काढायचा. साहेब चार वेळा येऊन गेला, आणि चारही वेळा शंख खुद्द आत्यानं फुंकला, लोटोच्या गळ्यात परत घातला आणि सगळ्या बेटाला घेऊन ती वर गेली.

चौथ्या वेळी साहेब जरा रेंगाळला. लोटोला एकटं वाटत असेल म्हणून त्याच्याशी गप्पा मारत बसला. ऊन चढलं. माडावर आत्याच्या गुडघ्यांतून कळा येऊ लागल्या. शेवटी तिला राहवेना. तिनं वरून दबक्या आवाजात विचारलं, "लोटो, किती वेळ रे? उतरू का मी आता?"

लोटोनं वर पाहिलं.

"नाही आत्या," तो समजावत म्हणाला. "तू मेलीस ना. शिक्का आहे त्यावर."