टिकली मुंगी आणि पिवळं फडकं

मुंगी होती एक, टिकली नावाची. कपाळावरच्या टिकलीएवढी. खरं तर तिच्याहूनही लहान.

टिकली राहायची खाटेखाली, फरशीच्या फटीत.

खाटेवर बसायची आई. आईच्या मांडीवर असायचं बाळ.

बाळ नवं होतं. पण पोटातून आलेलं नव्हतं. गाडीतून आलेलं होतं. आई-बाबा लांब गेले, एका संस्थेत. तिथं खूप बाळं होती. त्यातलं हे एक त्यांचं झालं. चार महिन्यांचं. मुलगी.

बाळाबरोबर एक फडकं आलं. पिवळं. मऊ. धुऊन धुऊन विटलेलं.

बाळ फडकं मुठीत धरायचं. नाकाशी न्यायचं. मग दूध प्यायचं.

आई चमच्यानं पाजायची. चमच्यातून एक थेंब सांडायचा. टप्प!

तो थेंब टिकलीचा. रोजचा. नऊ दिवस झाले, रोज टप्प.

दहाव्या दिवशी टप्प झालंच नाही.

टिकलीनं वाट पाहिली. ऊन दारात आलं. थेंब नाही. ऊन खाटेपाशी आलं. थेंब नाही.

वरून आवाज आला. ट्यँहँ! ट्यँहँ!

टिकली खाटेवर चढली. तुरु तुरु तुरु.

"चमच्या, चमच्या, माझा थेंब का देत नाहीस?"

चमचा म्हणाला, "बघ, मी काठोकाठ भरलोय. पण बाळ दूध पिईना. मी थेंब कसा देऊ?"

टिकली बाळाकडे गेली. तुरु तुरु तुरु.

"बाळा, बाळा,
चमचा थेंब देईना.
तू दूध का पीत नाहीस?"

मोठ्यांना नुसतं ट्यँहँ ऐकू येतं. मुंगीला सगळं कळतं. बाळ म्हणालं, "माझं फडकं सापडेना. मी दूध कसं पिऊ?"

आई म्हणत होती, "पी ना गं राणी. एक घोट. एकच." बाळाचे ओठ कोरडे. आईचे डोळे ओले. मांडीवरून खाली ठेवलं की बाळ काळंनिळं व्हायचं. म्हणून आई उठेना. बाबा डॉक्टरांना आणायला गेलेला. डॉक्टर दोन गावं सोडून.

फडकं गेलं कुठं? आईलाही माहीत नाही.

मुंगीला वास लांबून येतो. टिकलीनं मिशा हलवल्या. दुधाचा वास. साबणाचा वास. तो आला कोपऱ्यातल्या ट्रंकेतून. ट्रंक काळी, पत्र्याची. कुलूप हे एवढं!

टिकली फटीशी गेली. तुरु तुरु तुरु.

"फडक्या, फडक्या,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना.
तू बाळाकडे का जात नाहीस?"

आतून फडकं म्हणालं, "आजीनं मला सकाळी उचललं. घडी घातली. कोंडलं. ट्रंक उघडेना. मी कसं जाऊ?"

"ट्रंके, ट्रंके,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना.
तू का उघडत नाहीस?"

ट्रंक म्हणाली, "मी काय, मी पत्रा. आजी किल्ली देईना. मी कशी उघडू?"

टिकली आजीकडे गेली. तुरु तुरु तुरु.

आजी तांदूळ पाखडत होती. फट् फट्. फट् फट्. किल्ली आजीच्या कमरेला.

"आजी, आजी,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना,
ट्रंक उघडेना.
तू किल्ली का देत नाहीस?"

"माझ्या सुनेनं पाठवलं वाटतं तुला?" आजी म्हणाली.

"सून तुझी. मला माझ्या पोटानं पाठवलं."

"संस्थेचं फडकं ते! कुणाकुणाच्या हातचं! माझ्या घरात नको."

"बाळ पण तिथलंच."

आजीचं सूप थांबलं. मग पुन्हा फट् फट्.

"ह्यांना विचार जा. आजोबा बाळाला आपलं म्हणेनात. मी किल्ली कशी देऊ?"

ट्यँहँ! ट्यँहँ!

"ऐकलंस?" टिकली म्हणाली.

"रडू दे," आजी म्हणाली. "रडलं की सवय मोडते."

असं आजी म्हणाली. मी नाही. टिकली पण नाही.

टिकली आजोबांकडे गेली. तुरु तुरु तुरु. वाटेत केरसुणी आली. सप्प! टिकली उडाली. उलटी पडली. पाय वर. पुन्हा सुलटी झाली. पुन्हा तुरु तुरु तुरु.

आजोबा झोपाळ्यावर. कर्र कर्र. हातात अडकित्ता. कट्ट कट्ट.

"आजोबा, आजोबा,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना,
ट्रंक उघडेना,
आजी किल्ली देईना.
तुम्ही आपलं का म्हणत नाही?"

"कुणाला आपलं म्हणू?" आजोबा म्हणाले. "नाव काय तिचं?"

"नाव नाही अजून."

"झालं तर मग! आत्या कुर्र करीना. मी आपलं कसं म्हणू?"

"मग तुम्ही सांगा ना आत्याला."

"माझे गुडघे दुखतात."

आत्या होती पलीकडच्या खोलीत. आजोबांची सात पावलं. टिकलीची सातशे.

मोठ्यांचं असंच असतं. उठायचं नसलं की गुडघे दुखतात. तोंड कधी दुखत नाही.

टिकली निघाली. सातशे पावलं. तुरु तुरु तुरु.

ट्यँ... ट्यँ... बाळाचा आवाज बसत चालला.

आत्या मशीनवर शिवत होती. घर्र घर्र. घर्र घर्र.

"आत्या, आत्या,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना,
ट्रंक उघडेना,
आजी किल्ली देईना,
आजोबा आपलं म्हणेनात.
तू कुर्र का करत नाहीस?"

कुर्र म्हणजे काय? बारशाला आत्या बाळाच्या कानाशी वाकते. कुर्र करते. कानात नाव सांगते. हे काम आत्याचंच. दुसऱ्या कुणाचं नाही.

आत्यानं ड्रॉवर उघडला. आत कुंची होती. लाल. काठाला मोती.

"हे बघ. कधीची शिवून ठेवलीय. नाव पण पाठ आहे. वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला."

"मग कर ना कुर्र!"

"एकटी? पाळण्याच्या या बाजूला मी. त्या बाजूला कोण? खालून बाळ घ्यायला दुसरी नको? काकू येईना. मी कुर्र कशी करू?"

"तू जा की तिच्याकडे. भिंतीपलीकडे तर घर आहे."

"मी? मी का म्हणून? तिनं यावं!"

ड्रॉवर बंद. धाड! घर्र घर्र. घर्र घर्र.

ट्यँ...

आता एकदाच. तेही बारीक.

टिकली भिंत चढली. भिंत उतरली. अंगणात कोंबडी होती. कॉक! चोच आली. टक्! टिकली पानाखाली. टक्! पानाला भोक. टिकली भोकातून बाहेर. पळ टिकली! तुरु तुरु तुरु तुरु तुरु!

काकू म्हणजे बाळाच्या मोठ्या काकाची बायको. तिची चूल वेगळी. ती पातेलं ढवळत होती. रट रट रट.

"काकू, काकू,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना,
ट्रंक उघडेना,
आजी किल्ली देईना,
आजोबा आपलं म्हणेनात,
आत्या कुर्र करीना.
तू का येत नाहीस?"

"पातेल्यात बघ काय आहे," काकू म्हणाली.

"हरभरे."

"बारशाच्या घुगऱ्यांचे. रोज भिजवते. म्हणते, आज बोलावतील. बोलावत नाहीत. मग घुगऱ्यांची उसळ होते. नऊ दिवस उसळ खातोय आम्ही! पोरं ताट बघून पळतात."

"मग ये ना!"

"न बोलावता? मी थोरली सून! आजी बोलावीना. मी कशी येऊ?"

"कोण बोलावीना?"

"आजी. ऐकायला येत नाही का तुला?"

टिकलीला ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं.

आजी म्हणते, आजोबा. आजोबा म्हणतात, आत्या. आत्या म्हणते, काकू. काकू म्हणते, आजी. गोल गोल गोल. आणि मधे बाळ, उपाशी.

टिकली फिरली. पानाखालून. कोंबडीसमोरून. भिंत वर, भिंत खाली. झोपाळा कर्र कर्र. मशीन घर्र घर्र. पाय थकले. पोट रिकामं. तुरु... तुरु... तुरु...

आजी तांदूळ पाखडत होती. फट् फट्. टिकली सुपाच्या काठावर चढली. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"आजी, आजी,
चमचा थेंब देईना,
बाळ दूध पिईना,
फडकं सापडेना,
ट्रंक उघडेना,
आजी किल्ली देईना,
आजोबा आपलं म्हणेनात,
आत्या कुर्र करीना,
काकू येईना,
आजी बोलावीना!"

"कोण आजी?" आजी म्हणाली.

"तू आजी."

"मी?"

"दोनदा. मधे एकदा तू. शेवटी एकदा तू."

आजी लाल झाली. "मी घरातली सगळ्यात मोठी. मी आधी का? बघू उद्या."

"उद्या नाही," टिकली म्हणाली. "आत्ता."

आणि टिकली चावली. अंगठ्याला. कच्च!

"आई गं!" आजी उभी राहिली. सूप पडलं. तांदूळ सांडले. सर्रर्र!

मग कसलाच आवाज नाही.

फट् फट् नाही. झोपाळा थांबला. मशीन थांबली. सगळे कान देऊन उभे.

ट्यँहँ नाही.
ट्यँ पण नाही.

आजीनं खोलीकडे पाहिलं. आईच्या खांद्यावर बाळ होतं. गप्प. डोळे अर्धे मिटलेले. मूठ उघडी. मुठीत काही नाही.

आईनं आजीकडे पाहिलं.

आजीला रडणं ऐकवत होतं. हे गप्प बसणं ऐकवेना.

आजीनं कमरेची किल्ली ओढली. नाडीच तुटली. तोंडानं हाक मारली. भिंतीपलीकडे गेली ती हाक. "थोरले! अगं ये गं! जशी आहेस तशी ये!"

किल्ली फिरली. खट्!
ट्रंक उघडली. खाड्!
फडकं सापडलं.

आजीनं फडकं बाळाच्या मुठीत दिलं. मूठ मिटेना.

आजीनं बोटं एकेक करून मिटवली. एक. दोन. तीन. चार. पाच. मूठ नाकाशी नेली. धरून ठेवली.

थांब. श्श.

बाळाचं नाक हललं.
पुन्हा हललं.
ओठ उघडले. आईनं चमचा लावला.

गुटुक.

"प्यायली," आई म्हणाली.

गुटुक. गुटुक. गुटुक गुटुक गुटुक.

टिकली खाली उभी. तोंड वर. पण बाळाला भूक केवढी! सगळं प्यायलं. एकही थेंब सांडला नाही. टिकलीनं आवंढा गिळला. वाट पाहिली.

तेवढ्यात काकू आली. तड तड तड. हातात डाव तसाच. मागे पोरं. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही," आजी म्हणाली. "पाळण्याच्या त्या बाजूला उभी राहा. उशीर झाला. माझ्यामुळे झाला."

कोपऱ्यातून पाळणा निघाला. ड्रॉवरमधून कुंची निघाली. हार नाही, पाहुणे नाहीत. या बाजूनं आत्यानं बाळ दिलं. खालून काकूनं घेतलं. बाळानं फडकं सोडलं नाही. कुणी मागितलंही नाही.

आत्या वाकली.

"कुर्रर्रर्र! सावरी!"

बारशाला कुर्र केलं की आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. रीतच आहे. काकूनं घातले. धप्! धप्! धप्! नऊ दिवसांच्या उसळीचे.

"अगं हळू!"

"हळू कशाला? घे अजून एक!" धप्!

आजोबा दारात आले. गुडघे दुखत नव्हते. वाकून पाळण्यात पाहिलं.

"आता तरी म्हणा," आजी म्हणाली.

"आपलं," आजोबा म्हणाले.

एवढंच. एवढासा शब्द. नऊ दिवस घशात अडकलेला.

दारात गाडी थांबली. बाबा धावत आला. मागे डॉक्टर. "कसं आहे बाळ?"

"बाळ नाही," आई म्हणाली. "सावरी."

आईनं सावरीला मांडीवर घेतलं. आणखी एक चमचा भरला. आत्यानं पुन्हा केलं, कुर्रर्र! सावरीला आलं हसू. तोंडात दूध, आणि हसू!

टप्प!

तो थेंब टिकलीचा. पांढरा. गोल. कोमट. टिकली तो डोळे मिटून प्यायली.

टिकलीच्या पोटात थेंब. सावरीच्या मुठीत फडकं. काकूच्या घरच्या हरभऱ्यांच्या आज घुगऱ्या.

आणि किल्ली? किल्ली आजीच्या कमरेला नाही. ती आहे खुंटीवर. खालच्या खुंटीवर. तुझाही हात पोचेल तिथं.