सायकलवाटेचा कठडा

“...पण बुवा, यात खोट कुठे आहे ते तरी सांगा?”

नकाशा बुवांच्या मठाच्या ओट्यावर अंथरलेला होता आणि शलाका तो दुसऱ्यांदा समजावून सांगत होती. बाजारपेठेचा रस्ता नव्याने बांधायचा. मधून गाड्या, कडेला हिरवी सायकलवाट, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंनी सलग लोखंडी कठडा.

शहरात तिने मोठमोठे रस्ते आखले होते. आपल्या गावातलं काम मात्र हे पहिलंच, आणि उद्या ते नगरपरिषदेच्या सभेपुढे जायचं होतं. तिथे ते नामंजूर झालं असतं, तर तिच्या जिवाला फार लागलं असतं. लहानपणी ती बुवांकडे पखवाज शिकली होती. त्यांनी मान डोलावली की गाव डोलावतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“सायकलवाल्याला काय हवं असतं गं?” बुवांनी विचारलं.

“सुरक्षित वाट,” ती ताठ मानेने म्हणाली.

“अस्सं...”

बुवा उठले. धुण्याची बादली भरून ठेवलेली होती, तरी त्यांनी अंगणातली वाळत घालायची दोरीच सोडली आणि तिच्या हातात दिली. तुझा कठडा ओट्यासमोर बांधून दाखव, म्हणाले.

शलाकाने दोरी ताणून बांधली. मग बुवांनी आपली जुनी, उंच सायकल तिच्यापुढे केली आणि स्वतः लाडू घेऊन ओट्यावर बसले.

“प्रसाद घेऊन जा. उतरायचं मात्र नाही.”

मठात प्रसाद एका हाताने घेत नाहीत. उजव्या तळव्याखाली डावा धरावा लागतो.

शलाका टांग मारून निघाली आणि जाता जाता एक हात पुढे केला. बुवांनी लाडू मागे घेतला. परत येताना तिने दोन्ही हात सोडले, तर सायकल अशी डगमगली की तिने घाबरून हँडल धरलं. शेवटी ती थांबली. पाय जमिनीला पुरेनात, म्हणून तिने दोरी पकडली, आणि दोरीसकट लोंबकळली.

बुवा पोट धरून हसले. शलाका आधी चिडली, मग तिलाही हसू आवरेना.

“अहो, पण पाय टेकवू कुठे?”

बुवांनी नुसता ओट्याच्या कडेवरून हात फिरवला...

ती कड झिजून गुळगुळीत झाली होती. सगळं गाव सायकलवर बसूनच तिथे पाय टेकवी, प्रसाद घेई, दोन शब्द बोले आणि पुढे जाई. पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्याही तशाच झिजलेल्या. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून शलाकाने त्या पायऱ्यांशी कितीतरी गोळ्या खाल्ल्या होत्या. तिला स्वतःचीच गंमत वाटली.

तिने दोरी सोडली. पुन्हा सायकलवर बसली, ओट्याला पाय टेकवला आणि दोन्ही हात पसरले. लाडू अजून मऊ होता.

तोंड भरलेलं असतानाच तिने पेन्सिल काढली. गाड्यांकडचा कठडा राहू दिला, दुकानांकडचा खोडून टाकला.

मग तिला सभेची आठवण झाली.

“उद्या विचारतील बुवा, इकडचा कठडा कुठे गेला म्हणून. काय सांगू?”

बुवांनी दोरी पुन्हा अंगणात मूळच्या जागी बांधली आणि बादलीतलं धोतर पिळलं.

“सांग, बुवांनी त्यावर धोतर वाळत घातलंय.”