सहाव्या दिवसाची सुईण

एक होतं राज्य. त्याला राजाही होता, राजे काय कुठंही असतात. पण माझी गोष्ट राजाची नाही, त्या राज्यातल्या सुइणीची आहे. सरका जवळ. आणि हुंकार द्या, नाहीतर मी थांबते.

तिचं नाव केरा. आधीची दोन लेकरं जगली नाहीत, तेव्हा आईनं हिला जन्मल्याबरोबर केरावर ठेवलं आणि परत उचललं. म्हणून केरा. तिचं घर वेशीबाहेर. वेशीबाहेर घर म्हटलं की जात विचारायची नाही, समजायचं.

तर काय, सगळ्या राज्यातली बाळं केराच्या हातावर यायची. पाटलाची, पुजाऱ्याची, राजाचीसुद्धा. नाळ ती कापायची. पाय लांब करून बसायची, पायांवर बाळ घ्यायची, तेल चोळायची, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची. पाच दिवस. घरात सोयर असतं ना, बाळंतीणच विटाळात, तोवर केराही चालायची. पाचवी पुजली की संपलं. सहाव्या दिवशी घर शेणानं सारवायचे, गोमूत्र शिंपडायचे, आणि केराच्या ओटीत खण-नारळ वरून टाकायचे. हो, वरून! हाताला हात लागेल ना. मग मागच्या दारानं ती बाहेर. त्या लेकराला पुन्हा बोट लावायचं नाही.

पण तिला सगळी ओळखू यायची, बरं का. रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायची. हा दोन भोवऱ्यांचा. ही मानेवर लाल डागाची; जन्मल्यावर रडलीच नव्हती, थापट्या मारून रडवली हिला. तो पाटलाचा पायाळू, दीड दिवस छळलं मेल्यानं. सगळी अंग चोरून पुढून निघून जायची. केराचे हात मग पदराखाली एकमेकांना धरून बसायचे. स्वतःचं मूल नव्हतं तिला. पण ही भूक निराळी होती, तळहातांची.

मग एक दिवस ती पाटलाकडे गेली. अंगणाबाहेरूनच म्हणाली, "पाटील, पाच दिवस मी चालते. सहाव्या दिवशी माझ्या हाताला काय होतं?"

पाटील म्हणाला, "रीत आहे, केरे."

मग पुजाऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "देवाला विचारून सांगतो." एक वर्ष गेलं, दोन गेली. देवाला सवड झाली नसेल. मग गेली थेट राजाकडे. राजा तरणाताठा, तिच्याच हातावर जन्मलेला. हसून म्हणाला, "माझ्या आजोबांपासून चालत आलंय, मी कसं मोडू?"

केरा म्हणाली, "तुमच्या आजोबांना माझ्या आजीनं बाहेर काढलं, महाराज. तेव्हा त्यांनीही जात विचारली नव्हती."

शिपायांनी तिला हाकललं.

वस्तीतल्या बाया म्हणाल्या, "केरे, आता जाऊच नकोस तू. अडू दे त्यांच्या लेकीसुना, मग येतील शुद्धीवर." केरा सकाळपासून दुपारपर्यंत घट्ट बसून राहिली. मग निरोप आला, पाटलाच्या सुनेला कळा लागल्या. ही उठून पळाली. म्हणाली, "त्या पोरीनं काय केलंय गं?"

पण एक मात्र तिनं सोडलं. खोटं बोलणं. आजवर ती पोटावर हात ठेवून आतल्या बाळाला सांगायची, ये रे सोन्या, सगळी तुझी वाट बघतायत. आता खरं सांगायला लागली. "ये बाळा. पाच दिवस मी तुझी. सहाव्या दिवसापासून तुला शिवायची नाही. इथं अशी रीत आहे."

बाळं ऐकायची. जन्मली की तिचं बोट जे धरायची, ते सोडायचीच नाहीत.

मग राणीला दिवस गेले. नऊ महिने भरले, कळा लागल्या. एक दिवस गेला, दोन गेले, तिसरा उजाडला. बाळ काही येईना. राणी पांढरीफटक पडली. केरानं पोटावर हात ठेवला, तर आतून बारीक आवाज आला.

"सुईणआजी, सहाव्या दिवशी तू कुठं असशील?"

केरा म्हणाली, "वेशीबाहेर गं बाळा."

"मग मी नाही येत."

दाराबाहेर राजा उभा होता. ओरडला, "तिला सोन्याच्या पाटल्या देतो!"

आवाज आला, "पाटल्या मला मांडीवर घेतील का?"

राजा म्हणाला, "बरं, वाड्यामागे तिला घर बांधून देतो!"

आवाज आला, "मागे का?"

'मागे का' याचं उत्तर कुठल्या राजाकडे असतं, सांगा!

केरा पोटाशी वाकली. म्हणाली, "ये गं बये, तुझी आई जाईल. माझं भांडण मी भांडते, मला सवय आहे."

हे राजानं ऐकलं, आणि पहिल्यांदाच त्याची मान खाली गेली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाही, तो गेला. केराचे हात आपल्या कपाळाला लावून म्हणाला, "सहावा दिवस तुझा. तुझा आणि तुझ्या सगळ्या वस्तीचा. पुढच्या दारानं."

आणि झाली की मुलगी! टॅहां करून!

पण शब्द दिला म्हणून रीत जाते होय? ती हातापायांत मुरलेली असते. सहाव्या दिवशी सकाळी दासींनी सवयीनं शेण कालवलं. राजाच्या आईनं सवयीनं नारळ उंच धरला. आणि तो उंच हात बघितल्याबरोबर केराचे पाय आपोआप मागच्या दाराकडे चालू लागले. कुणी हाकललं नव्हतं. चाळीस वर्षांची वाट होती, पायांना तेवढीच ठाऊक.

मागून हाक आली. "केराआई, अहो, दार चुकलं तुमचं!"

भिंतीला धरत धरत राणी आली होती. तिनं पुढचं दार सताड उघडलं. सगळ्यांदेखत अंगणात केराला बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.

केरा नुसती त्या पोरीकडे बघत राहिली. सकाळची दुपार झाली, उन्हं उतरली. शेवटी राणी हळूच म्हणाली, "केराआई, पुन्हा भूक लागली असेल हो तिला."

केरा म्हणाली, "देते गं पाजायला. पण पाजून परत माझ्याकडे दे. सहावा दिवस अजून सरला नाही."

मग त्या राज्यात सगळी सुखानं राहिली. लगेच नाही हं. दारोदार भांडावं लागलं, काही दारं उघडेपर्यंत केराचे उरलेले काळे केसही पांढरे झाले. पण उघडली, आणि मग राहिली सुखानं.

झाली गोष्ट. मिटा डोळे. दिवा मी मालवते.