गेनबा आणि चारशे अर्थांचा शब्द

एका गावात एक भोळा गेनबा होता. भोळे त्या गावात आणखीही होते, पण ते तसं कबूल करत नसत. गेनबाचे निवृत्तीमामा मंडप, भांडी, खुर्च्या भाड्यानं देत. मामांची मुलगी शेवंता गेनबाला द्यायची, असं बोलणं झालेलं होतं. मामांची अट एकच होती.

"आधी धंदा शीक. मग लगीन."

"बरं," गेनबा म्हणाला.

पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "शिंगाड्यांकडं सेट पोचव."

दुकानात सेट होते चार. चहाचा, ताटांचा, सोफ्याचा आणि गाण्याचा. शिंगाड्यांचे आजोबा गेले होते. भेटायला आलेल्यांना चहा द्यायचा होता. गेनबानं अंगणात दोन कर्णे बांधले आणि कोळीगीत लावलं.

शिंगाडे काठी घेऊन दुकानात आले. मामांनी गेनबाला सावळेगुरुजींकडं पिटाळलं. गुरुजींनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. ते खूश झाले.

"सेट! अरे, या एका शब्दाचे चारशेच्या वर अर्थ आहेत. त्याला एकट्याला पाहून ओळखू नये. शेजारी कोण बसलंय ते बघावं. चहा बसला असेल तर कपबश्या, सोनं बसलं असेल तर दागिने."

"बरं," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक बारसं होतं. गेनबानं कपबश्या अगदी बरोबर नेल्या. पाळण्याजवळच्या आजीबाई म्हणाल्या, "बाबा, बाळाच्या वडलांना हा पेढा दे."

गेनबानं बाळाच्या आईच्या शेजारी कोण बसलंय ते पाहिलं. शेजारी भटजी बसले होते. गेनबानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अभिनंदन! पोरगं तुमच्यावरच गेलंय."

बाळाचे खरे वडील त्याच्यामागं वेशीपर्यंत धावले. गेनबा थेट गुरुजींच्या ओट्यावर चढला.

"नुसतं शेजारी बघून कसं चालेल?" गुरुजी म्हणाले. "मूळही विचारावं. या सेटची घराणी दोन. एक जुनं इंग्रजी, म्हणजे बसवणाऱ्यांचं. दुसरं लॅटिनातलं, फ्रान्सवरून आलेलं, म्हणजे मंडळी जमवणाऱ्यांचं. दिसायला सारखे, मुळात वेगळे. म्हणून आधी विचारावं, आपण मूळचे कुठले?"

"बरं," गेनबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एका लग्नाच्या मंडपात बैल शिरला. आचारी ओरडला, "गेनबा, हाकल त्याला!"

गेनबा बैलापुढं गेला, हात जोडले आणि म्हणाला, "आपण मूळचे कुठले? घराणं कोणतं?"

बैल सरळ बुंदीकडं वळला. त्यानं दोन पराती बुंदी खाल्ली.

"बैलाला नाही रे, शब्दाला विचारायचं!" संध्याकाळी ओट्यावर गुरुजींनी कपाळावर हात मारला. "आता शेवटचं सांगतो. शब्दानं वाक्यातली जागा बदलली की अर्थही बदलतो. कालचाच अर्थ धरून बसलास तर फसशील."

"जागा बदलली की तो तो नाही?"

"नाही."

"बरं."

मामा सोयरीक मोडायला निघाले होते. शेवंता आडवी आली. "आबा, शहाणा नवरा जन्मभर माझ्या चुका काढंल. ह्यो निदान दुसऱ्याचं ऐकतो तरी."

मामा विरघळले. पण गेनबाला बाजूला घेऊन त्यांनी दम भरला, "लग्नात एक जरी घोळ घातलास, तर पोरगी मंडपातनं परत नेईन."

गेनबाची झोप उडाली. शेवंता त्याला मनापासून आवडत होती. या वेळी फसायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

लग्न छान लागलं. अक्षता पडल्या, होम झाला, सात पावलं झाली. गेनबानं एकही चूक केली नाही. मग रीतीप्रमाणं भटजी म्हणाले, "मुली, इतका वेळ उजवीकडे होतीस. आता नवऱ्याच्या डावीकडे बस. आणि गेनबा, उपरण्याची गाठ सैल झालीय. सोडून नीट बांध. आता ती घरी देवासमोरच सोडायची."

शेवंता उठली, डावीकडे बसली आणि आईच्या गळ्यात पडून रडू लागली. भटजी नारळ मोजायला वळले. तीन दिवस मंडपात राबलेले मामा उजवीकडच्या रिकाम्या पाटावर टेकले. टेकले ते पेंगलेच.

गेनबानं डावीकडं पाहिलं. जागा बदललेली! तो मनाशी हसला. मग त्यानं सैल गाठ सोडली, उजवीकडच्या मामांच्या उपरण्याला करकचून बांधली आणि उठला.

मामा जागे झाले तेव्हा पुढं सनई वाजत होती. त्यांनी गाठीला हात घातला आणि तो तसाच मागं घेतला. ती वाटेत सोडली तर जोडप्याला अपशकुन होतो, हे तीस वर्षं प्रत्येक मंडपात ते स्वतःच सांगत आले होते. आता प्रश्न पोटच्या पोरीच्या संसाराचा होता. मामा मान खाली घालून गेनबाच्या मागून चालू लागले. मागं सगळा गाव, आणि सगळ्यांत मागं पदरात तोंड खुपसून हसणारी शेवंता.

दारात गेनबाची आई ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं.

"अगं बाई! दादा, तू?"

मामांनी डोळे मिटले, उजवा पाय पुढं केला आणि माप लवंडलं.

"आई," गेनबा छाती फुगवून म्हणाला, "तिथं डावीकडं भलतीच बाई बसवली होती. पण मी फसलो नाही. सून जरा वजनदार आहे, पण उजवीकडचीच आणलीय."