काळ्या कोपऱ्यातला राजा

लाकडी सोंगट्या आपापसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. काळ्या राजाजवळ एक हत्ती तेवढा उरला होता. समोर पांढरा राजा, त्याचा उंट आणि दोन प्यादी. मधलं प्यादं वजीर व्हायला निघालं होतं, दुसरं पटाच्या कडेला होतं.

राजानं चाली शोधणाऱ्या शेजारच्या यंत्राला विचारलं, "काही सुटका?"

"लाखो चाली पाहिल्या, महाराज. तुम्ही हरलात."

हत्ती म्हणाला, "महाराज, ते मधलं प्यादं मी मारतो."

"अरे, उंट तुला लगेच मारेल!"

"मारू दे. मग कडेचं एकच प्यादं राहील. ते जिथं वजीर होणार, त्या कोपऱ्यात तुम्ही आधी जाऊन उभे राहा. कोपरा काळा आहे आणि त्यांचा उंट जन्मभर पांढऱ्याच घरांतून चालतो. तुम्हाला तिथून कोण हलवणार?"

हत्ती गेला. राजा कोपरा धरून राहिला. उंटानं पुष्कळ येरझाऱ्या घातल्या, आणि अखेर खेळाडूंनी बरोबरी मान्य केली.

डब्यात राजा हत्तीशेजारी येऊन पडला.

"जिंकलो का, महाराज?"

"नाही रे. पण हरलोही नाही."

बाहेर यंत्र रिकाम्या पटाला अजून सांगत होतं, "एक उंट, एक प्यादं जास्त. पांढरा जिंकतोय."