एकाहत्तरावे नाव

फार जुन्या काळी एका राज्यात एक म्हातारा भाट राहत होता. दर दसऱ्याला भरदरबारी राजाच्या सत्तर पूर्वजांची नावे तो ओळीने म्हणून दाखवी.

एका वर्षी मात्र ती नावे निसटू लागली. तिसाव्या नावाशी जीभ अडखळे, छाती धडधडे, डोळ्याला डोळा लागेना. घराण्याचा मान जाईल, या धास्तीने तो गावच्या वैद्यिणीकडे गेला.

तिने नाडी पाहिली आणि ब्राह्मीचे तूप दिले. "रोज सकाळी चमचाभर, कोमट दुधातून. जीव शांत होईल, आठवण ताजी होईल." मग तिने हळूच विचारले, "भाटबुवा, मनात काही सलतंय का?"

"छे, काही नाही," भाट घाईने म्हणाला.

महिनाभर त्याने नेमाने तूप घेतले. झोप लागू लागली, नावे परतली. पण त्यांच्या पाठोपाठ मनात चंद्रावळही परतली. त्याची एकुलती लेक. लहानपणी ती ओसरीवर बसून त्याच्यासोबत पूर्वजांची नावे घोकायची. तिने नदीपलीकडच्या नावाड्याशी लग्न केले, तेव्हा 'मला मुलगी नाही' म्हणून त्याने दार लावून घेतले होते. त्याला सात वर्षे झाली होती. आता जेवताना घास तोंडाशी नेला की तिची हाक कानी येई.

तो पुन्हा वैद्यिणीकडे गेला. "नको ते आठवतंय. विसरायचं काही औषध दे."

"तसलं औषध असतं, तर आधी मीच घेतलं असतं," ती म्हणाली.

दसरा उजाडला. भाटाने सत्तर नावे अचूक म्हटली, पण तो थांबला नाही. "आणि माझी चंद्रावळ," त्याच्या तोंडून निघून गेले.

दरबार हसला. राजा हसला नाही. "ही कोण?"

"माझी मुलगी, महाराज."

"कुठे असते?"

"नदीपलीकडे. हाकेच्या अंतरावर."

"मग हाक का मारली नाहीत?"

 भाट तसाच नदीवर गेला, पलीकडे उतरला. चंद्रावळ काठावर जाळे विणत होती. तिच्या केसांत रुपेरी बट दिसत होती. 

"बाबा," ती म्हणाली, "रोज संध्याकाळी तुमच्या काठाकडे बघायचे मी. गेल्या वर्षापासून सोडलं."

भाट तिच्याजवळ काठावरच बसला आणि रडला. त्यानंतर तो रोज तिच्याकडे येऊ लागला. पण गेलेली सात वर्षे काही परत आली नाहीत.

तात्पर्य : औषधाने आठवण बळावते, पण आठवलेल्या माणसाकडे आपल्याच पायांनी आणि वेळेवर जावे लागते.