बोंद्रे यांची संमती

ज्ञानोबा बोंद्रे यांनी कराडच्या एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारल्या. मार्चमध्ये ते गेले. त्यांचा आवाज तेवढा मोबाईलमध्ये उरला, आणि त्या मोबाईलला कुलूप! ते उघडून द्या म्हणून त्यांच्या पत्नी कलावतीबाईंनी कंपनीकडे तक्रार नोंदवली. काही झालं नाही, तेव्हा त्या ग्राहक आयोगात गेल्या.

कंपनीचे वकील ऐटीत उभे राहिले. "बाई, कायदा रडण्यावर चालत नाही. मोबाईलच्या मालकाने स्वतः संमती द्यायला हवी."

"मग तुम्हीच मागा की," कलावतीबाई म्हणाल्या. "तुमचं त्यांच्याशी बोलणं होतं."

वकील हसले. बाईंनी पिशवीतून कंपनीचं पत्र काढून अध्यक्षांपुढे ठेवलं. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं: "श्री. ज्ञानोबा बोंद्रे, दहा जून रोजी आपल्याशी फोनवर सविस्तर बोलून, आपले पूर्ण समाधान झाल्यावर तक्रार बंद केली आहे."

"साहेब, असं पत्र सगळ्यांनाच जातं," वकील पुटपुटले.

"मला तर ते स्वप्नातही भेटले नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन लागतो, तर संमती विचारून घ्या. आणि तेवढंच एक विचारा. मी अजून सकाळी दोन कप चहा टाकते. ती सवय मोडू का?"

वकील खाली बसले.

आयोगाच्या हुकमाने आठवड्यात कुलूप उघडलं. चहाचं उत्तर मात्र कंपनीकडून अजून आलेलं नाही.